चकतीची वही

बाई, तुम्हाला नेण्याआधी मी तुमच्या घरातल्या दोन ट्यूबलाइट बंद केल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते, खिडकीतून ऊन थेट तुमच्या पायांपर्यंत आलं होतं, आणि तरी आल्या आल्या कुणीतरी घरातली सगळी बटणं दाबून ठेवली होती. दुःखाच्या घरी माणसं असं का करतात कोण जाणे. मी एक ट्यूब बंद केली, दुसरी केली, तशी तुमच्या एक मावसबहीण मला म्हणाल्या, "अगं, आजच्या दिवस तरी राहू दे!" मी म्हटलं, "आज तर नकोच. त्या उठून बसतील." कोपऱ्यातलं कुणीतरी हसलं आणि लगेच पदर तोंडाला लावला. तुमच्या उशाशी लावलेला तेलाचा दिवा मात्र मी ठेवला. तेवढ्याला तुमची हरकत नसावी.

त्या दिवशी मी भरपूर रडले. आज चार दिवसांनी हे लिहायला बसले आहे, आणि खरं सांगू का, मला हायसं वाटतंय. बाई गेल्या आणि हिला हायसं वाटतंय, हे दुसऱ्या कुणी ऐकलं तर मला कृतघ्न म्हणतील. म्हणून तुम्हालाच सांगते. सोळा-सतरा वर्षं मला तुम्हाला एकच प्रश्न विचारायचा होता. सातवीत असताना मी ती वही मुद्दाम खोटी लिहिली, असं तुम्हाला वाटलं होतं का? मी घरच्या लबाडीत सामील होते, असं तुम्ही मनात धरून होतात का? विचारायचा धीर होईपर्यंत तुम्ही गेलात. आणि तुम्ही गेल्यावर उत्तर मिळालं. ते कुणी दिलं ते सांगते, पण तुम्ही शिकवलंत तसंच, आधी साहित्य, मग कृती, आणि अनुमान शेवटी. अनुमान आधी लिहिणाऱ्या मुलीची वही तुम्ही परत करायच्या, ते विसरलेले नाही मी.

साहित्य म्हणजे तुमची फळी. लांबरुंद सागाची फळी, तिच्यावर भंगारातून आणलेलं विजेचं जुनं मीटर, शेजारी दिव्यांचे होल्डर. तिची पिन प्रयोगशाळेतल्या सॉकेटमध्ये घालताना तुम्ही आम्हाला चार पावलं मागे सरकवायच्या. मीटरच्या काचेआड एक आडवी चकती, तिच्या कडेला लाल खूण. इस्त्री लावली की चकती गरगर फिरायची, शंभरचा दिवा लावला की रमतगमत. मग तुम्ही झिरोचा छोटा दिवा लावलात आणि विचारलंत, "हा किती वीज खातो?"

"काहीच नाही!" अख्खा वर्ग ओरडला. आमच्या सगळ्यांच्या घरी तो देवघरात दिवसरात्र जळायचा, कारण तो फुकट असतो अशी सगळ्यांची खात्री होती. तुम्ही फळीसमोर खुर्ची ओढून बसलात. आम्हीही बसलो. लाल खूण काचेच्या कडेला दिसेनाशी झाली आणि ती परत यायची वाट बघण्यात तासाची कितीतरी मिनिटं गेली. कुणाला जांभया आल्या, कुणी गणिताची वही काढली. पण ती आली, बाई! हळूहळू का होईना, आली. आम्ही टाळ्या पिटल्या. पलीकडच्या वर्गावरचे सर काय झालं म्हणून बघायला आले.

त्या दिवशी तुम्ही चकतीची वही सुरू केलीत. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरच्या मीटरवरचा आकडा लिहायचा आणि पुढे एका ओळीत, आज काय वाचवलं ते. महिनाभरात ज्या घरचा आकडा सगळ्यात कमी पुढे जाईल त्या मुलीला बक्षीस म्हणून तुमची पेटी. तुमची पेटी म्हणजे द्राक्षं भरायची खोकी असतात ना, तसलं एक लाकडी खोकं, आत कागदाची कात्रणं ठासून भरलेली, मधे पातेल्यापुरती जागा आणि वरून जुन्या गोधडीची गादी. डाळीला एक उकळी आणायची, पातेलं झाकून पेटीत ठेवायचं आणि विसरून जायचं. दोन तासांनी डाळ आपोआप शिजलेली. तुम्ही वर्गात त्यातून काढलेली मुगाची खिचडी आम्ही हातावर घेऊन खाल्ली होती. मला ती पेटी हवी होती. आईला दाखवायची होती.

आमचं घर मखमलाबादच्या अंगाला, मळ्यात. माझे वडील, आबा, झेंडू आणि शेवंती लावायचे, पहाटे पाट्या भरून फुलबाजारात न्यायचे. घरात चार दिवे, एक पंखा आणि आईची विजेची शेगडी. ती तारेची, लाल होणारी शेगडी आमच्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत तापलेली असायची. अंघोळीचं पाणी तिच्यावर, भाकरी तिच्यावर, चहा तर दहादा. मी वही घेऊन घरात फिरायला लागले. दिवा बंद कर, पंखा बंद कर, शेगडी कशाला चालू ठेवलीय. आई वैतागून म्हणायची, "ह्या पोरीला कुनी वायरमन केलं!" आबा एकदाच म्हणाले, "रोज काय बघती गं त्यात? महिन्यातनं एकदा बघितलं तरी चालंल की."

पण मी रोज बघत होते, आणि माझ्या मेहनतीला फळ येत होतं. आकडा हलतच नव्हता! पहिल्या दिवशी जो आकडा, तोच आठव्या दिवशी, तोच पंधराव्या दिवशी. पुढच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'आज ओसरीवरचा दिवा उशिरा लावला', 'आज पंख्याऐवजी वर्तमानपत्राने वारा घेतला'. मला खरंच वाटत होतं की हे सगळं त्यामुळे झालं. बारा वर्षांच्या मुलीला शेगडीचा हिशेब सुचत नाही, बाई. तिला फक्त आपला नंबर पहिला येणार एवढं दिसतं.

महिना संपल्यावर तुम्ही वही चाळलीत. बराच वेळ चाळलीत. माझा आकडा सगळ्यात कमी म्हणून वर्गात टाळ्या वाजल्या होत्या, आणि तुम्ही म्हणालात, "रविवारी तुझ्या घरी येते. मीटर बघायला." मी घरी कुणाला सांगितलं नाही. आईआबांना चकित करायचं होतं. आता वाटतं, सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. आबांनी वेळेवर सगळं नीटनेटकं करून ठेवलं असतं, तुम्ही चहा घेऊन परत गेला असतात, पेटी मला मिळाली असती, आणि आमच्या घरातलं ते खोटं मीटर तसंच राहिलं असतं.

इंदिरानगरहून मखमलाबादपर्यंत तुम्ही सायकलवर आलात. थंडीचे दिवस, तरी कपाळावर घाम. आई गडबडून गेली, खुर्ची पुसायला पदरच पुढे केला. आबा ओसरीवर शेवंती निवडत होते, ते उठून उभे राहिले. मी तुमचा हात धरून तुम्हाला थेट मीटरखाली नेलं. तुम्ही म्हणालात, "घरातलं सगळं लाव बघू." मी धावत जाऊन दिवे लावले, पंखा लावला, शेगडी तापलेलीच होती. मग येऊन तुमच्या शेजारी उभी राहिले आणि अभिमानाने म्हणाले,

"बघा बाई! सगळं लावलं तरी फिरत नाही!"

ते वाक्य आजही आठवलं की माझे कान तापतात. चकती काचेआड गप्प उभी होती, लाल खूण समोर. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग आबांकडे. आबा खाली बघत होते. त्यांच्या हातातलं शेवंतीचं फूल त्यांनी पाकळी पाकळी करून टाकलं होतं, आणि फूल वाया घालवणारा माणूस नव्हे तो. मला कळलं नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, शाबासकीसाठी. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "मीटर बिघडलेलं दिसतंय. दुरुस्त करून घ्या." एवढंच. चहा घेतलात, आईच्या हातच्या भाकरीचं कौतुक केलंत आणि गेलात.

सोमवारी पेटी दुसऱ्याच मुलीला मिळाली. माझ्याबद्दल तुम्ही वर्गात एक शब्द काढला नाहीत. मी तासभर बाकावर डोकं ठेवून बसले होते. मीटर बिघडलं तर त्यात माझा काय दोष? मी इतकी रागावले होते तुमच्यावर, की पुढचे दोन दिवस तुम्हाला नमस्ते केलं नाही. तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्या लक्षात सगळं यायचं.

आणि त्याच आठवड्यात आमचं मीटर जागं झालं. आकडा असा काही धावत सुटला की मला रडू फुटलं. शेगडी माळ्यावर गेली, आई चुलीपुढे धूर खात बसली आणि तिने आबांशी दोन दिवस अबोला धरला. मला वाटलं, माझीच बचत कुठेतरी चुकली. राग गिळून मी वही घेऊन तुमच्याकडे आले. "बाई, माझा आकडा वाढतोय." मी मुसमुसत होते, आणि तुम्ही चक्क हसलात. तोंड भरून हसलात. "वाढू दे," म्हणालात, "वाढला तर वाढला असं लिही. आता सुरू कर बचत." मी मनात म्हटलं, कसली बाई आहे ही, मुलगी रडतेय आणि हिला आनंद झालाय.

महिन्याभराने तुम्ही मला एक पेटी दिलीत. सगळ्यांसमोर नाही, शाळा सुटल्यावर, सायकलच्या कॅरिअरवरून काढून. "वही एक दिवसही न चुकवल्याबद्दल," असं म्हणालात. मला ती नको होती. ती बक्षिसाची नव्हती, समजुतीची होती, असं मला वाटलं. पण आईने ती हातातून जवळजवळ ओढून घेतली. त्या दिवसापासून आमची तुरीची डाळ त्या पेटीत शिजली. अंघोळीच्या पाण्याचा बंब झेंडूच्या वाळलेल्या काड्यांवर तापू लागला. आमच्या फुलांचे हार ओवायला येणाऱ्या बायका शेडमधल्या दिव्याखालून उठून उजेडात, ओसरीवर येऊन बसू लागल्या आणि त्यांच्या गप्पा आईलाही ऐकू येऊ लागल्या, ही तिची मोठीच कमाई झाली. आमच्या घरात खरी बचत तेव्हा आली, बाई. मला फक्त ती का आली ते माहीत नव्हतं.

ते कळलं दहावीच्या दिवाळीत. माझा एक चुलता जेवता जेवता आबांना म्हणाला, "तुजी ती मीटरात सरकवायची पट्टी हाय का रं अजून? मला दे." आबांनी पुढ्यातलं ताट सारलं आणि उठून गेले. पट्टी सरकवून आबा चकती कशी अडवायचे, ते सगळं नंतर आईने मला मागच्या अंगणात सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

त्या क्षणी मला तो रविवार पुन्हा दिसला. तुमची नजर, आबांची मान, आणि मधे उभी राहून मिरवणारी मी. आणि पहिला विचार आला तो आबांचा नाही, तुमचा. बाईंना कळलं होतं. म्हणूनच पेटी दिली नाही. आणि बाईंना वाटलं असणार की मलाही ठाऊक होतं, की आम्ही बापलेकीने मिळून बक्षीस लाटायचा बेत केला होता. नाहीतर कुठली मुलगी तोच आकडा रोज निमूटपणे लिहील? त्यानंतर तुम्ही रस्त्यात समोरून सायकलवर येताना दिसलात की मी दुकानात शिरायची. एकदा गडबडीत सलूनमध्ये शिरले होते.

आणि तरी बघा, मी बी.एड. करून नोकरीला लागले ती तुमच्याच शाळेत. पहिल्या दिवशी शिक्षक-खोलीच्या दारात तुम्ही म्हणालात, "आलीस? बरं झालं. फळी फार जड झालीय आता, चकतीचा तास दोघी घेऊ." मला पळून जावंसं वाटलं. पण फळी खरंच जड होती.

त्या तासाला तुम्ही दरवर्षी ती गोष्ट सांगायच्या. झिरोच्या दिव्याचा प्रयोग झाला, टाळ्या झाल्या, की तुम्ही पदर खोचून टेबलाला टेकायच्या. "माझ्या ओळखीच्या एका घरी मीटर थांबलं होतं. थांबलं होतं म्हणजे थांबवलं होतं. फुकटची शेगडी दिवसभर जळायची..." नाव नाही, गाव नाही, फुलं नाहीत, मुलगी तर नाहीच. पण मी तिथेच, फळीच्या दुसऱ्या टोकाला उभी असायची, आणि इथपर्यंत आलं की मला वर्गातल्या साठ मुली माझ्याकडेच बघताहेत असं वाटायचं. मग मी खडू आणायच्या निमित्ताने बाहेर जायची. व्हरांड्यात उभी राहून टाळ्या ऐकू आल्या की परत यायची. तुम्ही मला डिवचताय, माझ्या तोंडून कबुली काढताय, अशी माझी पक्की समजूत होती.

एका वर्षी मात्र मी बोलले. शिक्षक-खोलीत आपण दोघीच होतो. "बाई, बचतीच्या तासाला चोरीची गोष्ट कशाला? मुलींना नको त्या युक्त्या कळतात."

तुम्ही डबा बंद करता करता थांबलात. "चोरी एका वाक्यात संपते गं त्यात. पुढचं ऐकलंस का कधी?"

"ऐकते की. दरवर्षी ऐकते," मी धडधडीत खोटं बोलले.

"मग तुला कळायला हवं होतं," तुम्ही म्हणालात. आणि घंटा झाली. तो वाद आपण पुढे कधी नेला नाही. मी टाळला आणि तुम्ही टाळू दिलात.

बाकी आपलं भांडण नव्हतं कशावर, उलट चैनच होती. दिवसाकाठी तासन्‌तास वीज जाणं सुरू झालं तेव्हा अख्खं नाशिक हातपंख्याने वारा घेत कुरकुरत होतं, आणि तुम्ही मुलींना गृहपाठ दिला होतात, वीज नसताना घरात कुणी कुणाशी काय बोललं ते लिहा. काय वह्या आल्या होत्या! एकीने लिहिलं होतं, 'बाबा मला पहिल्यांदाच म्हणाले, तुझा आवाज छान आहे.' तुम्ही ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवत फिरलात. आमच्या घरी पहिला पांढरा सीएफएल दिवा आला तोही तुमच्या हातचा, माझ्या लग्नातला आहेर. माझ्या सासूबाईंना वाटलं, डब्यात चांदीची वाटी असेल. दिवा निघाल्यावर त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो अजून चालतोय, आणि आता सासूबाईच शेजारणींना त्याचे गुण सांगतात.

तुम्ही आजारी पडल्यावर मी तीनदा तो प्रश्न घेऊन आले आणि तीनदा औषधांची चौकशी करून परत गेले. शेवटच्या वेळी तर अगदी जवळ आले होते. दुपारची वेळ, तुम्ही उशीला टेकून बसला होतात. मी म्हटलं, "बाई, एक विचारू?" आणि तेवढ्यात वीज गेली. रेडिओ बंद पडला. तुम्ही हसून म्हणालात, "विचार. आता तर व्यत्ययही नाही कुणाचा." आणि मी काय विचारलं? मेणबत्त्या कुठे ठेवल्यात! भर दुपारी. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "वेडी आहेस." मी ते वाक्य घेऊन घरी गेले. त्यानंतर आपली भेट नाही.

आता अनुमानाकडे येते.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या अंगणात आबा आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन बस बदलून, डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन. मी चकितच झाले. माझ्या हिशेबी, माझ्या लग्नातला नमस्कार सोडला तर, ते तुम्हाला आयुष्यात एकदाच भेटले होते, आणि ती भेट आठवणीत ठेवण्यासारखी नव्हती. त्यांनी कुणाशी न बोलता पाटी तुमच्या पायांशी रिकामी केली, हात जोडले, आणि मग व्हरांड्यात तुमच्या मीटरसमोर जाऊन उभे राहिले. आता तिथे नवं मीटर आहे, चकती नाही, नुसता लाल ठिपका लुकलुकतो. आबा त्याच्याकडेच बघत होते. मी त्यांना सोडायला निघाले, तेव्हा बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती बाई त्या टायमाला फुलबाजारात आली व्हती."

"कोण?"

"तुजी बाई. रविवारी घरी आली, अन् मंगळवारी सकाळी बाजारात. सायकल लावली, माज्या पाटीपुढं उभी ऱ्हायली. म्या म्हणलं, झालं, आता चारचौघांत काढती आपली. तर इचारती, शेवंती कशी दिली? म्या म्हणलं, बाई, तुमाला काय बोलायचं ते बोलून टाका." कंडक्टर आला, आबांनी तिकिटं घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली. "तवा म्हणली, तुमच्या पोरीची वही खरी हाय. तिला जे दिसलं त्येच तिनं लिव्हलं. मीटर खोटं हाय. खोट्या मीटरावर मी तिला बक्षीस दिलं, तर उद्या तिला कळंल तवा ती तुमाला माफ करायची नाय, अन् मला बी."

बाई, मी बसमध्ये होते, आजूबाजूला माणसं होती. मी सीटचा दांडा घट्ट धरून बसले. तुमच्या पोरीची वही खरी हाय. सोळा-सतरा वर्षं मी ज्याच्यासाठी दुकानांत शिरत होते, ते वाक्य तुम्ही तिसऱ्याच दिवशी, शेवंतीच्या पाटीसमोर, ज्याला सांगायचं त्याला सांगून टाकलं होतं. माझ्या छातीवरचं काहीतरी इतकं एकदम उतरलं की मला हसू आलं. आबांना वाटलं मी रडतेय.

"म्या म्हणलं, शेगडी बंद केली तर घरचीचे लय हाल व्हतील. रॉकेल पुरत नाय, लाकडं नाय. तर म्हणली, त्येचं मी बघते. अन् ती पेटी धाडली तुज्याबरूबर."

म्हणजे पेटी समजुतीची नव्हतीच. ती आईसाठी होती. आणि मी तिला इतकी वर्षं नाक मुरडत आले.

"अन् म्हणली, पोरीला मी सांगनार नाय. सांगायचं तर तुमी सांगा, तुमाला जमंल तवा. म्या म्हणलं, सांगतो. त्या दिवशीच पट्टी काढून हिरीत टाकली. पन सांगायचं काय जमलं नाय बघ. आज बाई गेली, म्हणलं आता तरी बोलावं."

"मला माहीत होतं, आबा. दहावीपासून."

ते वळले. "मग बोलली का नाय?"

"तुम्ही का नाही बोललात?"

एकच गोष्ट आपण तिघांनी एकमेकांपासून जपून ठेवली होती. आबांना वाटलं मला कळू नये, मला वाटलं आबांना लाज वाटू नये, आणि तुम्ही दिलेला शब्द पाळत बसलात. दरवर्षी मी खडू आणायला बाहेर जाताना तुमच्या मनात काय येत असेल? ओरडून सांगावंसं वाटलं नाही का? वेडी आहेस, एवढं मात्र म्हणून घेतलंत. ते मान्य आहे.

थोड्या वेळाने आबांनी विचारलं, अगदी हळू, "बाईंना काय वाटलं असंल गं माज्याबद्दल?"

माझाच प्रश्न. बापाकडे इतकी वर्षं माझाच प्रश्न होता आणि आम्ही एका घरात जेवत होतो. पण मला उत्तर देता येईना, कारण तुमच्या गोष्टीचा पुढचा भाग मी कधी ऐकलाच नव्हता. मी त्यांना म्हटलं, दोन दिवस थांबा.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि आमच्याकडे नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेल्या एका मुलीला धरलं. तीही तुमचीच विद्यार्थिनी. "चकतीच्या तासाची गोष्ट आठवते का गं तुला? शेवटपर्यंत?" तिने एका दमात सांगितली, तुमच्या हातवाऱ्यांसकट, टेबलाला टेकून. ती मी तशीच वहीत उतरवली आणि आज रविवारी सकाळी मळ्यात जाऊन आबांना ओसरीवर वाचून दाखवली.

'मग एके दिवशी त्या गृहस्थांनी ते मीटर आपल्या हाताने सुरू केलं. कुणी पकडायला आलं नव्हतं, कुणी दंड केला नव्हता. घरात त्रास होणार हे माहीत असून केलं. मुलींनो, मी तुम्हाला दिवे बंद करायला शिकवते, ते सोपं आहे. थांबवलेलं मीटर सुरू करणं अवघड आहे. मी इतकी वर्षं बचत शिकवतेय, पण मला ती शिकवली त्या गृहस्थांनी. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा.'

त्या टाळ्या होत्या, बाई. व्हरांड्यात खडूचा डबा धरून मी ज्या टाळ्या संपायची वाट बघायची, त्या माझ्या वडिलांसाठी होत्या.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दरसाल सांगायच्या?"

"दरसाल."

"नाव?"

"कधीच नाही घेतलं."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. आत आई पेटीतून डाळ काढत होती, तिचा वास ओसरीपर्यंत आला. आबांनी त्या जुन्या मीटरच्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, "आवंदा तास तूच घेनार ना?"

"हो. सोमवारी."

"मग नाव घे माजं. अन् पोरींना सांग, तो माजा बा हाय म्हणून."

बाई, फळी मी पुसून ठेवली आहे. झिरोचा दिवा मिळायला जरा हिंडावं लागलं, पण मिळाला. उद्या सोमवार. आबा म्हणाले, मागच्या बाकावर बसेन, बोलणार नाही. मी या वेळी खडू आधीच आणून ठेवलाय.